पानी जाईन कुठं?

वर्ध्याच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या आमच्या पिढीला घर पाहायची एक खोड आहे. कोणाकडं वास्तुपूजन असलं की बाकीचे पाहुणे टाइल्स पाहतात, स्वयंपाकाचा ओटा पाहतात, पडद्यांचं कौतुक करतात. आम्ही मात्र जेवायला बसायच्या आधी मागच्या अंगाला एक चक्कर मारून येतो. स्लॅबचा पाइप कुठं उतरवला, आवाराचा ढाळ कोणीकडं दिला, नाली रस्त्याच्या खाली आहे की वर. घरमालकाला वाटतं, पाहुणा संडास शोधत असेल. तो अदबीनं दार दाखवतो. आम्हीही मग आत जाऊन येतो. एवढं अगत्य कोण मोडणार?

ही खोड घरच्या वडीलधाऱ्यांनी लावली. आमच्या गल्लीत घरोघरी एक आबाजी होते, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. न्हाणीघर नवीन बांधायचं, पानी जाईन कुठं? गोठ्याची जागा बदलायची, पानी जाईन कुठं? पोरीच्या लग्नाचा मांडव घालायचा, तोही वैशाखात, तरी विचारणार, वळीव आला तर पानी जाईन कुठं? सोयरीक जमवायला गेले तरी मुलाचा पगार नंतर, आधी त्यांच्या अंगणात पाणी साचतं का ते पाहणार. एका घराला नुसत्या डबक्यावरून नकार गेल्याचं आजी सांगायची. खरं-खोटं तिचं तिला माहीत, पण त्या घराला जावई लवकर मिळाला नाही हे खरं.

पावसाळ्याचं काम आमच्याकडं उन्हाळ्यातच सुरू होई. अक्षयतृतीया झाली की घर फेरायचं. ज्यांनी केलं त्यांना दुसरं काही सांगायला नको, पण स्लॅबखाली जन्मलेल्यांसाठी सांगतो. छपरावरचे सगळे कवेलू उतरवायचे, झटकायचे, फुटके बाजूला काढायचे, किडलेल्या कमच्या बदलायच्या आणि सगळं पुन्हा ओळीनं रचायचं. कुंभाराचे अर्धगोल कवेलू असत, एक ओळ उताणी, एक पालथी. उताण्यातून पाणी वाहायचं, पालथा दोन उताण्यांची सांध झाकायचा. इंग्रजी कवेलू ज्यांच्या घरावर, ते जरा पैसेवाले. वांदरांना हा भेद नव्हता. ती दोन्ही छपरांवर सारख्याच उड्या मारत, आणि आखाडात कोणाच्या घरात धार लागणार हे जेठातच ठरवून जात.

फेरणारा माणूस छपरावर, खाली आम्ही पोरं कवेलू झेलायला. आबाजी अंगणात उभे. घर फेरून झालं की ते तांब्याभर पाणी वर पाठवत. कण्यावरून ओता म्हणत. पाणी कुठून येतं, कुठं अडतं, कोणत्या ओळीतून खाली पडतं, हे पाहिल्याशिवाय मजुरी मिळत नसे. फेरणारा कुरकुर करी, 'आबाजी, अजून मिरग लागाचा हाये.' आबाजी म्हणत, 'म्हनूनच त पायतो.'

एवढं करूनही घर गळायचं. गळायचंच. झड लागली की दोन-दोन, तीन-तीन दिवस आभाळ सोडत नसे. मग घरातली भांडी आपापल्या जागी जात. गंज चुलीजवळ, परात माजघरात, बकेट आबाजींच्या खाटेच्या पायाशी, आणि देवघरात मात्र पितळेचं, कारण देवाच्या पुढ्यात जर्मनचं भांडं ठेवू देत नव्हती आजी. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. रात्री अंधारात आई नुसत्या आवाजावरून सांगायची, परात भरली, उठ. उठणारा नेहमी मधला भाऊ. थोरल्याचा अभ्यास असे, धाकट्याला थंडी बाधत असे, मधल्याला काहीच होत नसे.

गळणाऱ्या पाण्याचा कोणाला राग नव्हता, वाया जाणाऱ्याचा होता. दोन छपरं जिथं भेटत तिथं टिनाची पन्हाळ असायची, तेलाचा पिपा उभा कापून, ठोकून, टोकाला टोक डांबरानं जोडून घरीच केलेली. तिच्या तोंडाशी गुंड नाहीतर टाकं. पहिल्या दोन सरींचं पाणी धरायचं नाही, त्यात वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण. तिसऱ्या सरीचं धरायचं. आमच्या विहिरींचं पाणी जड, त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. पन्हाळीच्या पाण्यात एका उकळीत फुटायची. आखाडातलं वरण बाकी महिन्यांपेक्षा चांगलं का लागतं याचं एवढंच शास्त्र होतं. आज पुनर्भरणाच्या नकाशात 'पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढण्याची व्यवस्था' म्हणून एक वेगळी तोटी दाखवतात. आमच्याकडं त्या तोटीच्या जागी आजी होती. ती 'थांब' म्हणेपर्यंत गुंड खाली लागत नसे.

आता वळचणीचं. या विषयावर आमच्या गल्लीत जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून झाली नाहीत. छपराच्या पागोळ्या आपल्याच जागेत पडल्या पाहिजेत म्हणून भिंतीबाहेर हात-दीड हात जागा सोडायची रीत होती. ती जागा कोणी वापरत नसे, तिथं फक्त पाणी पडे आणि अळू उगवे. शेजाऱ्यानं नवीन छप्पर चार बोटं पुढं काढलं की अळूवरून सुरू झालेलं भांडण खानदानापर्यंत जाई. आमच्या गल्लीत एक बापू वकिलाकडं कारकून होते. ते अशा वेळी ओट्यावर येऊन गंभीरपणे म्हणत, 'सुविधाधिकाराचा कायदा आहे, १८८२ चा.' लोकांना वाटे बापू ठोकून देतात. पण बापूंचं बरोबर होतं. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या जुलैत लागू झाला तेव्हा तो फक्त मद्रास, मध्य प्रांत आणि कुर्ग यांना होता. वर्धा जिल्हा मध्य प्रांतात. म्हणजे पागोळीच्या पाण्याचा कायदा मुंबईकरांच्या आधी आम्हांला मिळाला, त्यांच्याकडं तो १८९१ मध्ये पोचला. या कायद्याच्या सातव्या कलमात एक दाखला आहे, त्याचा मतलब असा की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी ठरलेल्या पाटाशिवाय आपसूक खाली वाहत असेल, तर खालच्या जमीनवाल्यानं ते वाहू दिलं पाहिजे. गल्लीतल्या बायांना हे कलम न वाचता पाठ होतं. 'वरून येते ते घेतो बाई, पन तू फिरवून माह्या दारात नको आणू,' एवढ्यात सगळा न्यायनिवाडा.

गल्लीची नाली उघडी होती. आज उघडी नाली म्हटलं की नाक मुरडतात, आणि मुरडावं असं तिच्यात होतंही. माश्या, डास, वास, एखादी चप्पल. पण उघड्या नालीचा एक गुण होता, ती तुंबली की सगळ्यांना दिसायची. प्रत्येक घरासमोरची नाली त्या त्या घराची. सकाळी सडा-सारवण झालं की खराट्यानं आपल्या हद्दीतला गाळ पुढं लोटायचा. पुढं म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीत. तो त्याच्या पुढं लोटे. शेवटचं घर कोपऱ्यावरच्या मावशींचं. त्या रोज सकाळी वरच्या सगळ्या गल्लीचा उद्धार करत आणि मग फावडं घेऊन गाळ काढत. त्यांच्या तोंडामुळं आणि फावड्यामुळं आमची गल्ली कोरडी राहिली, हे मावशी गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कळलं.

कागदाच्या नावा सगळ्यांनीच सोडल्या, त्याचं काय सांगायचं. आमच्याकडं मात्र आबाजी त्या नावांकडं लक्ष ठेवून असत. नाव एका जागी घुटमळली की तिथं बोट दाखवत. पाऊस उघडला की मिस्त्री येई, दोन विटा काढून तळ पुन्हा बसवी. पुढं पॉलिटेक्निकला गेलेल्या आमच्यातल्या काहींना पुस्तकात सापडलं की नालीतलं पाणी सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटर वेगानं तरी वाहिलं पाहिजे, नाहीतर रेती तळाशी बसत जाते आणि नाली आपणच आपल्याला बुजवते. वेग मोजायला वाहतं लाकूड सोडून घड्याळ लावतात. ते वाचून एकानं वसतिगृहातून घरी पत्र लिहिलं, आपल्या नावांना इथं मार्क मिळतात.

गल्लीतून नाली, नालीतून नाला, नाला वावरांच्या धुऱ्याधुऱ्यानं पुढं. आम्हांला शाळेत शिकवलं होतं की धाम वणेला मिळते, वणा वर्धेला, वर्धा वैनगंगेशी मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणजे आमच्या न्हाणीचं पाणी शेवटी राजमहेंद्रीवरून समुद्राला लागतं. हे कळल्यावर आठवडाभर आम्ही नालीकडं आदरानं पाहत होतो.

सेवाग्रामची सहल तर वर्ध्याच्या कोणत्याच पोराला चुकली नाही. गुरुजी आश्रमात टेलिफोन दाखवत, साप पकडायचा चिमटा दाखवत. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले, झोपडीला शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च करू नका आणि सामान आसपासचंच वापरा असं त्यांनी सांगितलं होतं, गावाचं नाव पुढं १९४० मध्ये सेवाग्राम झालं, हे सगळं वहीत उतरवून घ्यायचं. एकदा आमच्याबरोबर एक आबाजी आले होते. ते चिमटा-बिमटा पाहायला आतच गेले नाहीत. बाहेरून बापू कुटीभोवती फिरले आणि म्हणाले, 'वळचन कशी खाली उतरवली पाय. मातीच्या भितीले पानी शिवतच नाई.' पावसाळ्यात या भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधतात, तिरपा पाऊस त्या अंगावर घेतात. मातीचं घर ऐंशी-नव्वद पावसाळे उभं राहतं ते भिंतीच्या जोरावर नाही, भिंतीवर पाणी न आल्यामुळं. देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं आणि माती-कवेलूच्या स्वस्त घरांचे प्रयोग केले, तेव्हा आमच्या गल्लीतले म्हातारे ते पाहून आले आणि 'हे त आपलंच हाये' म्हणाले. म्हणाले आणि त्याच वर्षी पोरांनी स्लॅब टाकायचा धोशा लावला म्हणून सिमेंटसाठी अर्ज करायला गेले.

मग लेआउट आले.

पोरं मोठी झाली, नोकऱ्या लागल्या, वाडे वाटले गेले. सिंदी मेघे, बोरगाव मेघे, पिपरी मेघे, सावंगी, नालवाडी, म्हसाळा, जिथं आम्ही बोरं वेचायला जायचो तिथं चुन्याच्या रेघा पडल्या. वावर एनए झालं, धुऱ्यावरची बाभूळ गेली, नंबराचे दगड बसले. पाच एकरांचं वावर, त्यात दीड-दीड हजार फुटांचे प्लॉट, मधून रस्ते, एका कोपऱ्यात मोकळी जागा. प्लॉट विकायचा हंगाम फेब्रुवारी ते मे. जमीन कशी टणक, फुफाटा उडतो आहे, मंडपात कुलर आणि पन्हं. कोणीतरी म्हातारा विचारायचाच, पानी जाईन कुठं? विकणारा हसून लांबवर हात करी. त्या हाताच्या दिशेला पाहिलं तर दुसरं लेआउट.

आमच्या काळ्या मातीचं एक आहे, ती दोन तोंडांची. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस कितीही पडो, भेगा पिऊन टाकतात, ओघळसुद्धा येत नाही. नवीन घरवाला खूश. पंधरा-वीस दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन वरून पडेल ते सगळं पाणी वाहवून देते. जूनमध्ये जो पाऊस दिसलाही नाही, तेवढाच ऑगस्टमध्ये उंबऱ्यातून आत येतो. कास्तकाराला हे माहीत असतं. म्हणून तो वावराच्या खालच्या टोकाला धुऱ्यात सांडवा ठेवतो, दगड रचून. लेआउट पाडणाऱ्यानं सगळ्यात आधी जर काही मोडलं असेल तर तो सांडवा.

हिशोब काही अवघड नाही. पाणी किती, तर पडलेला पाऊस, गुणिले जमीन, गुणिले त्यातलं वाहून जाणारं प्रमाण. पाच एकर घ्या, तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस घ्या. वावर असताना शंभरातलं तीस वाहतं असं धरलं तर खालच्या टोकाला सेकंदाला साधारण ८४ लिटर पाणी येतं. त्याच वावरावर स्लॅब, पेव्हर आणि सिमेंट रोड झाला, की शंभरातलं ऐंशी वाहतं. म्हणजे सेकंदाला २२५ लिटर. आणि ते येतंही लवकर, कारण वावरात पाणी तासांतासातून, गवतातून रखडत यायचं, रोडवरून ते धावत येतं. पाऊस तेवढाच, आभाळ तेच, नाला मात्र आठवडी बाजाराच्या वाटेएवढा होता तो आता दोन फुटांच्या पाइपात कोंबलेला. कधी कधी तर पाइपही नाही, नाल्यावरच सतरा नंबरचा प्लॉट.

पाइपाचीही गंमत आहे. लोकांना वाटतं, व्यास दुप्पट तर पाणी दुप्पट. तसं नसतं. ढाळ तोच ठेवून ४५० मिलिमीटरच्या जागी ९०० चा पाइप टाकला तर तो सहापटीहून जास्त पाणी ओढतो. ४५० चा पाइप, मीटरमागे अर्धा सेंटिमीटर ढाळ दिला तर, भरून वाहताना सेकंदाला २०० लिटरच्या आसपास घेतो. वरच्या पाच एकरांना तो थोडक्यात कमी पडतो, आणि पाणी अंगणात यायला तेवढं थोडकं पुरतं. तेही तो अर्धा सेंटिमीटर प्रत्यक्षात दिला असेल तर. पुन्हा पाइपाखाली मुरमाची बैठक नसेल, तर काळी माती फुगताना त्याला उचलते, आटताना सोडते, आणि दोन-तीन वर्षांत सांधे उघडे पडतात. मिस्त्री लोक आजही पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढतात. चांगलं साधन आहे, लबाडी करत नाही. पण नळी धरणारे दोघं बोलण्यात गुंतले की पाणी कुठंही वळतं, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

लेआउटमधली पहिली दहा घरं झाली तेव्हा सगळे गोडीगुलाबीनं होते. पंधरावं घर आलं, त्यानं भर टाकून जोतं दोन फूट वर घेतलं. सोळाव्यानं अडीच. अकरावं घर खड्ड्यात गेलं. मग सिमेंट रोड झाला, जुन्या रोडवरच नवा थर, दर वेळी वितभर उंच. मग रोड घरापेक्षा वर. दारात पायऱ्या होत्या चढायला, त्या उतरायला लागल्या. नाली दोन्ही बाजूंनी झाली खरी, पण तिचा तळ कोणी आधी ठरवला नव्हता, ज्याच्या घरासमोर जशी जागा तशी ती वर-खाली होत गेली. शेवटाला पोचल्यावर ती संपली. नुसती संपली. पुढं एका कास्तकाराची तूर होती. त्यानं दोन वर्षं पाणी सोसलं, तिसऱ्या वर्षी बंडीभर मुरूम आणून नालीच्या तोंडावर टाकला. त्याला शिव्या देणाऱ्यांत आम्हीही होतो. सातवं कलम त्याला लागू होतं का? आपसूक वाहत येणारं पाणी घ्यायला तो बांधलेला होता. सिमेंटच्या नालीत धरून, वेग देऊन, त्याच्या धुऱ्यावर आणून सोडलेल्या पाण्याला काय म्हणायचं, हे बापू कारकून असते तर त्यांना विचारलं असतं.

हे काही आमच्याच जिल्ह्याचं नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. नागपूरला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली. आमच्यातल्या कितीकांची पोरं तिथं राहतात. त्या सकाळी फोनवर कोणी 'तब्येत कशी आहे' विचारलं नाही. पहिला प्रश्न सगळ्यांचा, 'पायऱ्यायपर्यंत आलं का आत आलं?'

या दुखण्याला औषधं आहेत, आणि ती फार नवीनही नाहीत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडाला पावसाचं पाणी मुरवायची सोय करावीच लागते. आमचे प्लॉट त्याहून लहान, म्हणून नियमातून सुटतात, आणि सुटलो म्हणून लोकांना आनंद होतो. हजार फुटांच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटर पाणी होतं, जवळजवळ एक टँकर. आमच्याकडं पावसाळ्यात सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मे महिन्यात टँकरला पैसे देणारं घर जुलैत असे किती टँकर रस्त्यावर ओततं, ते ज्याचं त्यानं मोजावं. फक्त शोषखड्डा काळ्या मातीत खणून भागत नाही. माती फुगली की तो खड्डा शोषत नाही, नुसता भरून राहतो आणि डास पोसतो. मुरूम लागेपर्यंत खोल जायचं, तळाला बोल्डर, वर गिट्टी, वर रेती. नाहीतर सरळ जुन्या विहिरीत सोडायचं, गाळून. आमच्या एका लेआउटमध्ये मूळ वावराची विहीर शिल्लक होती. तिच्यात गणपती आणि निर्माल्य टाकून लोकांनी ती बुजवत आणली होती. आता तिच्यात आठ स्लॅबचं पाणी उतरतं. भोवतालचे बोअर एप्रिलपर्यंत चालतात, आणि निर्माल्य टाकायला आलेल्या माणसाला कोपऱ्यावरच्या मावशींची सून हाकलते. तोंड अगदी सासूचं.

आणि ती मोकळी जागा. लेआउटला शेकडा दहा जागा मोकळी सोडावी लागते, तिथं झोपाळा, घसरगुंडी आणि मारुतीचं देऊळ होतं. ती सोडतात कुठं, तर जिथं प्लॉट वाकडा-तिकडा पडतो तिथं. तीच जागा जर सगळ्यात खालच्या कोपऱ्यात सोडली आणि हातभर खोल ठेवली, तर मोठ्या पावसाचं पाणी दोन-चार तास तिथं थांबतं आणि सावकाश खाली जातं. खालच्याच्या तुरीला धक्का लागत नाही. पोरांना दोन दिवस खेळायला मिळत नाही, पण चिखलात खेळायला मिळतं, त्याला आमच्या पिढीची हरकत नाही. देऊळ तेवढं उंचावर बांधावं. मारुतीला पाण्यात उभं ठेवलं म्हणून वर्गणी बंद पडलेली आम्ही पाहिली आहे.

आमच्या गल्लीतल्या एका घरची नात सिव्हिल इंजिनिअर झाली. गावाबाहेरच्या एका नव्या लेआउटच्या पावसाळी नाल्यांचं काम तिच्याकडं आलं. तिनं आधी उंचसखल मोजलं, नकाशात एका फुटाच्या अंतरानं समतल रेषा काढल्या, सगळ्यात खालचा बिंदू शोधला आणि तिथून उलटी वर येत गेली. नाली शेवटाकडून ठरवायची असते, हे तिनं आम्हांला सांगितलं. आधी पाणी जिथं सोडायचं त्या नाल्याच्या तळाची पातळी, मग मागं मागं. जुना नाला तिनं हलवला नाही, प्लॉट हलवले. चार प्लॉट कमी झाले म्हणून मालक आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हता.

मग तिच्या फॉर्मात एक रकाना होता, पुराची सर्वांत वरची खूण, स्थानिक चौकशीवरून. त्यासाठी ती रविवारी सकाळी आमच्याकडं आली. चहा झाला. तिनं वही काढली आणि विचारलं, 'काकाजी, त्या नाल्याचा पूर कुठवर आलेला आठवतो तुम्हांला?'

झालं. सगळे एकदम बोलायला लागले. एक म्हणे, चिंचेच्या बुडाशी लागला होता, मी स्वतः बैल सोडले. दुसरे म्हणे, बुडाशी कशाचा, चिंचेच्या पुढं पार होता, त्या पारावर चढला होता, माझी सायकल त्याच्यावरून वाहून गेली. पहिले म्हणाले, तुला तवा सायकलच नव्हती. कोणी वर्ष सांगे, कोणी म्हणे त्या वर्षी नाही, थोरलीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या पोळ्याला. कोणी मध्येच सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्याला पाऊस कसा झाला होता ते काढलं. चिंच आता नाही, पारही नाही. तरी दोघंही उन्हात तिच्याबरोबर गेले, एकमेकांशी न बोलता, आणि आपापल्या जागी काठी रोवून उभे राहिले.

तिनं दोन्ही काठ्यांची पातळी घेतली, दोन्ही वहीत लिहिल्या आणि डिझाइनला वरची धरली. चिंचवाल्या काकाजींना ते अजून पटलेलं नाही.